अकूस्टिक गिटारला पिकअप, व्हॉल्यूम आणि टोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती, नवरात्र, कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं की कोल्हापुरात साधी अकूस्टिक गिटार वाजवणारी मुलं एकच गोष्ट विचारत येतात : हिला पिन कशी लावायची, म्हणजे पिकअप (गिटारचा आवाज विजेत बदलणारा भाग) बसवून ती अँपला कशी जोडायची? ज्यांना हे काम स्वतः करायचं आहे किंवा करून घेण्याआधी समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तिसरा आहे. घाई असेल तर निदान तेवढा वाचा, कारण बहुतेक गिटारींचा आवाज तिथेच बिघडतो.

पिकअप लावायलाच हवा का? समोर माईक ठेवला तर भागत नाही का?

भागतं, आणि जमेल तिथे माईकच वापरा. शाहू स्मारक भवनासारख्या बंद सभागृहात एक गायक आणि एकच गिटार असेल, तर गळा जिथे डब्याला मिळतो त्या दिशेला वीतभर अंतरावर एक चांगला कंडेन्सर माईक ठेवा. लाकडाचा तितका खरा आवाज कुठलाच पिकअप देत नाही. पेठेतल्या मांडवात मात्र शेजारी ढोलकी, पलीकडे ऑक्टोपॅड आणि तोंडासमोर मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर असतो. तिथे माईक गिटार सोडून बाकीचं सगळं पकडतो आणि साऊंडवाल्यानं जरा आवाज वाढवला की शिट्टी वाजते. पिकअप लागतो तो अशा जागी.

कोणता पिकअप घ्यावा?

तीन प्रकार आहेत.

पहिला मॅग्नेटिक, म्हणजे साऊंडहोलमध्ये आडवा बसणारा. यात लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं कॉइल असतं. स्टीलची तार चुंबकाजवळ हलली की कॉइलमध्ये वीज तयार होते. मांडवात तो बाकी दोघांपेक्षा कमी शिट्टी मारतो आणि लाकडाला भोक न पाडता लावता येतो. उणीव अशी की तो लाकूड ऐकत नाही, तार ऐकतो. शिवाय अकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर ब्राँझचं वेष्टण असतं. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, आतली स्टीलची गाभ्याची तार तेवढी देते. त्यामुळे बी आणि वरची ई या दोन साध्या तारा जोरात आणि बाकीच्या दबलेल्या येतात. पिकअपला उंची जुळवायचे स्क्रू असतील तर या दोन तारांखालचे खाली घ्या. नाहीतर निकेल वेष्टणाच्या तारा लावून बघा. नायलॉन तारांच्या गिटारला मॅग्नेटिक पिकअप अजिबात चालत नाही.

दुसरा सॅडलखाली, म्हणजे ब्रिजवर तारा ज्या तुकड्यावर टेकतात त्याच्याखाली बसणारा पिझो. ब्रिजच्या खाचेत सॅडलखाली एक पातळ पट्टी असते. तारांचा दाब कमीजास्त झाला की पट्टीतल्या पदार्थात वीज निर्माण होते. क्युरी बंधूंनी हा गुण १८८० साली स्फटिकांमध्ये दाखवला. आवाज स्पष्ट आणि टोकदार येतो, कधी कधी जरा जास्तच टोकदार. जोरात स्ट्रमिंग केलं की एक काचेसारखी टकटक ऐकू येते, ती याचीच.

तिसरा म्हणजे टॉपला (डब्याच्या वरच्या फळीला) आतून चिकटवायच्या पिझो चकत्या. ब्रिजच्या आतल्या पट्टीवर त्या चिकटवतात. लाकडाचा आवाज यात सगळ्यांत जास्त येतो आणि शिट्टीचा धोकाही यातच सगळ्यांत जास्त.

माझं मत विचाराल तर मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यानं मॅग्नेटिक घ्यावा, फिंगरस्टाईल वाजवणाऱ्यानं चकत्या घ्याव्यात. दोन्हीकडे वाजवावं लागणाऱ्यानं सॅडलखालचा पिझो आणि सोबत बरा प्रीअँप (पिकअपचा सिग्नल अँपला जाण्याआधी सांभाळणारं छोटं यंत्र) घ्यावा.

इलेक्ट्रिक गिटारच्या वायरिंगची आकृती आहे. तीच पिझोला वापरली तर?

वापरू नका. यूट्यूबवर बघून केलेल्या गिटारी दुरुस्तीला येतात त्यांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : पिझोची वायर थेट ५०० किलोओहमच्या पॉटवर (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर) आणि त्याला टोनचा कपॅसिटर. मग आवाज पत्र्यासारखा येतो, बेस गायब असतो आणि टोनचा नॉब फिरवला की आवाज जाड होण्याऐवजी नुसता बारीक होतो. पिकअप खराब आहे असं समजून दुसरा आणला जातो आणि तोही तसाच वाजतो.

कारण असं. मॅग्नेटिक पिकअप हे कॉइल आहे. पिझो हा विजेच्या भाषेत एक छोटासा कपॅसिटर आहे. सॅडलखालच्या पट्टीची कपॅसिटी साधारण काहीशे पिकोफॅरड असते. ५०० पिकोफॅरड धरू. तिच्यापुढे ५०० किलोओहमचा पॉट लावला की दोघांचा मिळून एक फिल्टर तयार होतो आणि तो साधारण ६४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापत जातो. गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झला वाजते. म्हणजे सहाही मोकळ्या तारांचा मूळ सूरच कापला गेला. १ मेगाओहमच्या अँपला थेट जोडलं तरी कापायची जागा ३२० हर्ट्झच्या आसपास राहते. १० मेगाओहम दिले की ती ३२ हर्ट्झवर उतरते आणि गिटारचा एकही सूर कापला जात नाही. विहिरीला पाझर कमी असताना मोठी मोटर लावली तर जे होतं तेच इथे होतं : पिझो अगदी थोडी वीज देतो आणि पुढचं यंत्र ती खेचून घेतं.

आता टोनचं. मॅग्नेटिक पिकअपला कपॅसिटर लावला की वरचे सूर ग्राउंडला जातात, खालचे राहतात, म्हणून आवाज मऊ होतो. पिझो स्वतःच कपॅसिटर असल्यामुळे त्याच्या शेजारी दुसरा कपॅसिटर लावला की विजेची वाटणी होते आणि ती वरच्या-खालच्या सगळ्या सुरांना सारखीच होते. परिणामी टोन बदलत नाही, आवाज पडतो. लांब केबलचंही तेच. केबलला स्वतःची कपॅसिटी असते, म्हणून पिझोचा आवाज लांब केबलवर मंद होत नाही, कमी होतो.

तेव्हा पिझोच्या बाबतीत क्रम पक्का ठेवा : आधी बफर (पिझोवर भार येऊ न देणारं छोटं सर्किट), मग टोन, मग व्हॉल्यूम.

बफर घरी बनवता येतो का?

येतो, आणि सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात सामान मिळतं. टीएल ०७१ ही आयसी घ्या. ९ व्होल्टचा सेल. दोन १०० किलोओहमचे रेझिस्टर सेलच्या दोन टोकांमध्ये लावून मधून अर्धा व्होल्टेज काढा आणि तिथे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला द्या. या मधल्या बिंदूपासून आयसीच्या ३ नंबरच्या पायाला १० मेगाओहमचा रेझिस्टर. पिझो याच ३ नंबरच्या पायावर २२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून येतो. ६ नंबरचा पाय २ नंबरला जोडून टाका. ७ नंबरला सेलचं अधिक, ४ नंबरला उणे. ६ नंबरमधून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बाहेर काढा, अधिक टोक आयसीकडे. बफर झाला. तो आवाज वाढवत नाही, पुढच्या यंत्राला पिझोवर भार टाकू देत नाही, एवढंच त्याचं काम.

इंजिनिअरिंगच्या मुलांकडे लॅबमधून ओळखीचा बीएफडब्ल्यू १० हा फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असतो. त्याचाही बफर (सोर्स फॉलोअर) बनवता येतो आणि सेल कमी खातो. पण नगानगात फरक फार असतो, एक चालला म्हणून दुसरा तसाच चालेल असं नाही. पहिल्यांदा करत असाल तर आयसीच घ्या.

बफरच्या पुढे टोन लावताना एक बारकावा पाळावा लागतो. बफरची ताकद इतकी असते की नुसता कपॅसिटर लावला तर टोनवर काही परिणाम होत नाही. म्हणून बफरनंतर आधी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला. त्याच्या पुढच्या टोकापासून ५० किलोओहमचा टोन पॉट आणि २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. त्याच टोकावरून २५ किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट आणि पुढे जॅक. नॉब पूर्ण खाली आणला की साधारण १५०० हर्ट्झच्या वरचं उतरू लागतं. पिझोची ती टकटक त्याच भागात जास्त बोचते. आवाज फारच बसका वाटला तर २२ च्या जागी १० नॅनोफॅरड लावा.

मॅग्नेटिक पिकअपचं वायरिंग कसं करायचं?

इथे इलेक्ट्रिक गिटारची आकृती बिनधास्त वापरा. सिंगल कॉइल असेल तर २५० किलोओहमचे पॉट, हमबकर (दोन कॉइलचा) असेल तर ५०० चे. पॉटची किंमत वाढली की आवाज उजळतो. नॉबची दांडी स्वतःकडे आणि तिन्ही पाय खाली धरले की व्हॉल्यूमच्या उजव्या पायाला पिकअपची गरम वायर (सिग्नलची, ग्राउंडची नव्हे) येते, मधल्या पायातून जॅककडे जाते आणि डावा पाय ग्राउंडला. टोनसाठी व्हॉल्यूमच्या उजव्या पायावरूनच एक वायर टोन पॉटच्या मधल्या पायाला आणा आणि डाव्या पायातून कपॅसिटर ग्राउंडला द्या. नॉब उलटा चालत असेल, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर आवाज बसत असेल, तर डाव्याऐवजी उजवा पाय वापरला गेला आहे.

कपॅसिटरवर २२३ लिहिलं असेल तर तो ०.०२२ मायक्रोफॅरडचा, ४७३ असेल तर ०.०४७ चा. पहिले दोन आकडे घ्यायचे, तिसऱ्या आकड्याइतकी शून्यं द्यायची, उत्तर पिकोफॅरडमध्ये येतं. अकूस्टिकला २२३ पुरेसा आहे. ४७३ नं आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो. महागड्या कपॅसिटरच्या मागे लागू नका, साधा पॉलिएस्टरचा घ्या.

व्हॉल्यूमसाठी लॉग पॉट मागा; लिनिअरची किंमत नॉबच्या फिरण्याइतकीच सारखी वाढते, लॉगची आधी हळू आणि मग झपाट्यानं. दुकानात मागितलं नाही तर लिनिअरच हातात पडतो. आजकालच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर असा शिक्का असतो. जुन्या युरोपीय मालावर याच्या उलटही असतं, म्हणून मीटरनं तपासलेलं बरं : नॉब मधोमध ठेवा, मधला पाय आणि डावा पाय यांच्यात मोजा. निम्मी किंमत आली तर लिनिअर, बरीच कमी आली तर लॉग.

नॉब कुठे बसवायचे? टॉपला भोक पाडलं तर चालेल का?

पाडू नका. गिब्सननं १९५४ साली जे-१६०ई नावाची गिटार काढली. तिच्या टॉपवरच व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब होते आणि पिकअप फ्रेटबोर्डच्या टोकाला होता. पण तिची वरची फळी शिट्टी कमी व्हावी म्हणून मुद्दाम प्लायची आणि आतून आडव्या पट्ट्यांनी आवळलेली होती. ती गिटार जन्मापासून विजेसाठी बनलेली होती. तुमच्या गिटारचा टॉप हलण्यासाठी बनलेला आहे. तिथे भोक आणि वजन दोन्ही नको. कडेच्या पातळ फळीत चौकोनी खिडकी कापून प्रीअँप बसवण्याचीही मला चीड आहे. पुढे तो प्रीअँप बंद पडला की त्याच मापाचा दुसरा सापडेल याची खात्री नसते आणि खिडकी मात्र जन्मभर राहते. साऊंडहोलच्या कडेला आतून दुतर्फा टेपनं चिकटवायचे, अंगठ्यानं फिरवायचे चाकाचे पॉट मिळतात, ते लावा.

प्लायची स्वस्त गिटार असेल तर मनाला लावून घेऊ नका. प्लाय कमी हलते म्हणून शिट्टीही कमी मारते. स्टेजसाठी ती उलट सोयीची.

जॅकसाठी भोक कसं पाडायचं?

बेल्टचं बटण जिथे असतं तिथे, मागच्या ठोकळ्यात. आधी साऊंडहोलमधून आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घालून बघा, ठोकळा खरंच आहे ना. काही स्वस्त गिटारींत तो फार बारीक असतो. बटण काढा, भोकाभोवती मास्किंग टेप लावा. साधारण १२ मिलिमीटरचं भोक लागतं, पण आपल्या जॅकची मान कॅलिपरनं मोजूनच ठरवा. साधं ड्रिल वॉर्निश उडवतं आणि लाकूड चिरतं. पायऱ्यांचं स्टेप ड्रिल बाहेरून, हळू, दाब न देता चालवा. रीमर असेल तर त्याहून उत्तम. हातानं फिरवत थोडं थोडं लाकूड काढता येतं आणि वास बदलला, धूळ गडद झाली की आपण कुठल्या थरात आहोत ते कळतं. उद्यमनगरात लेथवर काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर चांगला रीमर मागून आणता येतो.

जॅक आतून बाहेर आणण्यासाठी भोकातून एक पातळ काडी आत सरकवा, साऊंडहोलमधून तिचं टोक जॅकमध्ये घाला आणि काडी मागे ओढा. आतला नट आधीच मोजून जागेवर ठेवा, नाहीतर बाहेर आटे उरत नाहीत.

सॅडलखालचा पिझो बसवला, पण एक तार जोरात आणि दुसरी हळू येते. काय करू?

पिकअपला दोष देण्याआधी सॅडल काढा. दहापैकी नऊ वेळा त्याचा तळ सपाट नसतो. टेबलावर जाड काच ठेवा, तिच्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. सॅडलच्या तळावर पेन्सिलीनं आडव्या रेघा मारा आणि सॅडल उभं, काटकोनात धरून एकाच दिशेनं घासा. बोटांनी दाबू नका, सॅडलच्या वजनाला काम करू द्या. चार-पाच फेऱ्यांनी उलटं करून बघा. रेघा जिथे पुसल्या तिथे उंचवटा होता, जिथे शिल्लक आहेत तिथे खड्डा आहे. त्या खड्ड्यावरची तार हळू येते, कारण तिचा दाब पट्टीपर्यंत पोहोचतच नव्हता. सगळ्या रेघा एकसारख्या जाईपर्यंत घासा. शेवटी काचेवर सॅडल उभं करून मागून टॉर्च धरा. तळाखालून उजेडाची रेघ दिसता कामा नये.

खाचेचा तळही तितकाच सपाट हवा. पट्टीच्या जाडीइतकं सॅडल तळातून कमी करायला विसरू नका, नाहीतर तारा उंच होतात. सॅडल खाचेत हातानं सहज वरखाली सरकलं पाहिजे. घट्ट बसलं तर बाजूच्या भिंती दाब खातात, सैल झालं तर ते पुढे झुकतं.

सोल्डरिंग करताना काय सांभाळायचं?

२५ वॅटचं आयर्न, ६०-४० चं राळ असलेलं सोल्डर. पत्र्याच्या कामाचं आम्लाचं फ्लक्स गिटारमध्ये आणू नका, ते वर्षभरात वायर खातं. पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा डाग धरत नाही अशी तक्रार असते. तिथे आधी पॉलिश पेपरनं चकाकी काढा, मग डाग बसतो. पिझोला मात्र उष्णता फार वेळ देऊ नका. ठराविक तापमानाच्या वर त्याचा वीज तयार करण्याचा गुणच जातो. आधी वायरला कल्हई करा, मग चकतीला एक-दोन सेकंदांत टेकवून सोडा. काम झालं की हात धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं. साऊंडहोलमधून आत डोकावून डाग देताना खाली ओलं फडकं अंथरा. वितळलेला एक थेंब लाकडावर कायमचा डाग सोडतो.

अँपला जोडली की घूं असा आवाज येतो. जॅकच्या धातूला हात लावला की थांबतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचीच ती घूं. मॅग्नेटिक पिकअप असेल तर तारा ग्राउंड झालेल्या नाहीत. ब्रिजखालच्या पट्टीवर तारांचे गोळे टेकतात तिथे तांब्याची चिकटपट्टी लावून तिची वायर जॅकच्या ग्राउंडला द्या. पिझो असेल तर शिल्डेड वायर वापरली आहे का बघा. साधी दोन पदरी वायर अँटेनासारखी काम करते. हात लावल्यावर घूं वाढत असेल तर जॅकवर गरम आणि ग्राउंड उलटे झाले आहेत.

हे झालं गिटारचं. मांडवातली गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. तिथे पुष्कळदा अर्थिंगच नसतं. अँपच्या प्लगचा तिसरा जाड पाय घूं थांबवण्यासाठी काढून टाकणारे लोक असतात. तसं कधीही करू नका, करूही देऊ नका. तारांवर हात आणि ओठांशी माईक, यांच्यात व्होल्टेजचा फरक असेल तर शरीरातून करंट जातो. कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावा. दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी वाजवू नका, मांडवाच्या वायरमनला बोलवा. घूं खरोखर ग्राउंड लूपची (दोन यंत्रं दोन वाटांनी ग्राउंड झाल्याची) असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) घ्या आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा. मिक्सर लांब असला तरी डीआय बॉक्स लागतोच. बफर नसलेला पिझो मात्र साध्या पॅसिव्ह डीआयला जोडू नका, बेस पुन्हा जातो.

शिट्टी थांबत नाही.

साऊंडहोलला रबराची थाळी लावा, मॉनिटरच्या तोंडासमोरून एक पाऊल बाजूला व्हा, मग मिक्सरवर १०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करायला सांगा. मोठ्या डब्याच्या गिटारची हवा तिथेच घुमते. तरी राहिली तर २०० च्या आसपास बघा. प्रीअँपवर फेजचं बटण असेल तर तेही एकदा दाबून पाहा.

पावसाळ्यात आवाज खरखरतो, कमी होतो. उन्हाळ्यात ठीक असतो.

जून ते सप्टेंबर इथे हे होणारच, गगनबावडा-राधानगरी बाजूला जास्तच. पहिला संशय जॅकवर घ्या. त्याच्या पितळी पानावर हिरवट थर येतो. काँटॅक्ट क्लीनर मारून पिन आतबाहेर करा. दुसरी गोष्ट बफरच्या बोर्डावर उरलेलं फ्लक्स. १० मेगाओहमच्या सर्किटमध्ये ओलसर फ्लक्समधून झिरपणारा करंटही जाणवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं बोर्ड घासून वाळवा. तिसरी गोष्ट लाकूड. ब्रिज फुगला की खाच आवळते आणि सॅडल अडकतं. लगेच घासायला घेऊ नका, हिवाळ्यात तेच सॅडल सैल होईल. गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. आतल्या पट्ट्या सुटल्या असतील तर ते काम वायरिंगवाल्याचं नाही. मिरजेच्या तंतुवाद्याच्या कारागिरांना लाकूड कळतं, तिकडे दाखवा.

सेल किती दिवस जातो?

टीएल ०७१ साधारण दीड मिलिअँपिअर खाते. चांगला अल्कलाइन सेल अडीच-तीनशे तास चालावा. साध्या झिंक-कार्बन सेलकडून तेवढी अपेक्षा धरू नका. पण हे सगळं जॅक स्टीरिओ असेल तर. सेलची उणे वायर थेट ग्राउंडला न देता जॅकच्या मधल्या पायाला, म्हणजे रिंगला जोडा. मोनो पिन आत गेली की ती रिंग आणि ग्राउंड एकत्र करते आणि बफर चालू होतो, पिन काढली की बंद. म्हणून वाजवून झाल्यावर केबल गिटारच्या बाजूनं काढा. अँपच्या बाजूनं काढून पिन गिटारमध्येच राहिली तर सेल रात्रभर चालू राहतो. सेल सात व्होल्टच्या खाली गेला की जोरात स्ट्रमिंग केल्यावर आवाज फाटू लागतो. मोठ्या कार्यक्रमाआधी मीटर लावून बघा आणि सेल टेपनं आत मोकळा लोंबकळत ठेवण्याऐवजी गळ्याच्या ठोकळ्यावर वेल्क्रोनं बसवा, म्हणजे साऊंडहोलमधून हात घालून बदलता येतो.